सिगारेट सोडून व्हेपवर आलो, खोकला मात्र सुटेना

हिंदमाता_पाण्याखाली

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही खोकत खोकत, सांभाळून घ्या.

वय ३८. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून सिगारेट. रोजच्या दहा-बारा, ऑफिसात काम अंगावर आलं की अख्खं पाकीट. लोअर परळला ऑफिसच्या खालीच टपरी आहे, कटिंग आणि सुट्टा हा तिथला जोडधंदा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सोडली. नवसबिवस काही नव्हता. मिरवणुकीत दोन गाणी नाचलो आणि धाप लागली, तर सोसायटीतला बारावीतला पोरगा म्हणाला, "काका, बसा जरा." त्या 'काका'ने काम केलं.

एकदम सोडणं झेपेना. दुबईहून येणाऱ्या मित्राने व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणून दिला. डिस्पोजेबल, आंबा-आईस. पहिला महिना झकास गेला. कपड्यांना वास नाही, जिना चढताना फरक जाणवला, जेवणाला चव आली. मग खोकला सुरू झाला. आता संक्रांत तोंडावर आली तरी आहे. सकाळी उठलो की पंधरा मिनिटं बेसिनपाशी, दुपारी एसीत कोरडी ढास, रात्री आडवं झालं की पुन्हा. बायको म्हणते, "सिगारेट होती तेव्हा निदान झोपू तरी द्यायचास." फायदा एकच, ८:४७ च्या फास्ट लोकलला मी खोकलो की चौथी सीट आपोआप रिकामी होते.

फॅमिली डॉक्टरांनी दोनदा कफ सिरप दिलं, ॲलर्जी म्हणाले. व्हेपचं मी त्यांना सांगितलेलं नाही (हो, माहीत आहे). प्रश्न असा की हा खोकला सिगारेट सोडल्याचा की व्हेप धरल्याचा? कुणाला अनुभव?

कटिंग_विदाउट_शुगर

आधी अभिनंदन. सिगारेट सुटली हे लहान काम नाही.

मी आठ वर्षांपूर्वी सोडली, मलाही खोकला झाला होता. मला समजलं ते असं. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, सतत हलत राहून कफ-धूळ वर ढकलतात. सिगारेटच्या धुराने ते लुळे पडतात. सोडल्यावर हळूहळू जागे होतात आणि इतकी वर्षं साचलेला कचरा काढायला लागतात. म्हणून सोडल्यावर काही दिवस उलट जास्त खोकला येतो. माझा तीनेक आठवड्यांत गेला.

फरक एवढाच की मी काहीच धरलं नव्हतं, फक्त शेंगदाणे. सहा किलो वाढलो.

हिंदमाता_पाण्याखाली

म्हणजे झाडूवाला संपावरून कामावर आला म्हणून धूळ उडतेय असं समजू का? तसं असेल तर मी खूश आहे.

फुंका_फुंका_फुंका

इतकं लगेच खूश होऊ नका. :)

मी डॉक्टर नाही. मध्य मुंबईत एका छातीच्या दवाखान्यात पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची फुंकायची तपासणी करते. नाव त्यावरूनच घेतलंय, दिवसभर तेच ओरडत असते.

कटिंगदादांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण झाडूवाला कामावर आला असेल तर कचरा दिवसेंदिवस कमी व्हायला हवा ना? कुणाचा तीन आठवड्यांत थांबतो, कुणाला काही महिने लागतात, पण उतार दिसायला हवा. तुमचा पहिला महिना बरा गेला आणि खोकला नंतर सुरू होऊन तिथेच राहिला. शिवाय झाडूवाला झाडतोय आणि तुम्ही वरून दर दहा मिनिटांनी आंबा शिंपडताय.

थोडं विचारते, उत्तरं इथे नाही दिलीत तरी चालेल, पण डॉक्टरांना द्या. कफ पडतो का, त्यात रक्त? संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं? छातीत शिटी वाजल्यासारखं? आंबट ढेकर, जळजळ? घरात कुणाला दमा? बीपीची गोळी नवीन सुरू झालीय का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला धरतो आणि लोक सहा-सहा महिने सिरप पीत बसतात.

आणि सगळ्यात आधी एक. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की टीबीची तपासणी करायची, हा नियम आहे. तुम्ही तीन महिने काढलेत. पालिकेच्या दवाखान्यात बेडका फुकट तपासतात. बेडकाच हं, थुंकी नव्हे. सकाळी उठल्यावर खोल खोकून छातीतून काढलेला. निम्मे लोक डबीत लाळ भरून आणतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटतात.

हिंदमाता_पाण्याखाली

ताई, टीबीचं नाव काढलंत आणि पोटात गोळा आला. आमच्याकडे 'शिवडीला (म्हणजे तिथल्या टीबीच्या इस्पितळात) पाठवतील' हे वाक्य धमकीसारखं वापरायचे.

रक्त नाही, ताप नाही, वजन चार किलो वाढलंय. कफ सकाळी थोडा, पांढरट. जळजळ आहे, पण ती वडापावची समजायचो. बीपीची गोळी आहे, टेल्मिसार्टन, दोन वर्षं. शिटी... बायकोला विचारलं, ती म्हणाली रात्री कधीकधी मांजर बसल्यासारखा आवाज येतो. मला वाटलं घोरणं. मामाला दमा होता.

फुंका_फुंका_फुंका

टेल्मिसार्टन दुसऱ्या जातीची, तिचं खोकल्यासाठी सहसा नाव येत नाही. मामा आणि मांजर मात्र लक्षात ठेवा.

अवांतर_आजोबा

ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरा. रात्री हळद-दूध. अडुळशाचा रस मधातून. आमच्या लहानपणी खोकला झाला की आजी परसातला अडुळसा तोडून आणायची, आणि स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ मिशरी लावायची. तिला कुणी बोलायचं नाही.

बाकी धूर तो धूर. नळी बदलली म्हणून काय झालं?

कॉइल_जळाली

आजोबा, मान देऊन सांगतो, तो धूर नाही, तिथूनच गडबड सुरू होते. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतो. व्हेपमध्ये जळत काही नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर यांचं मिश्रण कॉइलने तापवून त्याचा फवारा होतो. (चार वर्षं ओढला आहे, आता बंद. नाव त्यावरूनच.)

धागाकर्ते, प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं. घसा सुकतो, म्हणून ती दुपारची कोरडी ढास. एसीत आणखी. ग्लिसरीन जास्त असेल तर ढग दाट आणि चिकट. कॉइल फार तापली किंवा आतली वात कोरडी पडली की करपट चव येते. ती आली की ओढायचं नाही, तेव्हा ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड असली जहाल द्रव्यं तयार होतात. डिस्पोजेबलवाले पैसे वसूल करायला शेवटची करपटही ओढतात. मीही ओढायचो.

आणि ते 'आईस'. थंडाव्याचं रसायन टाकलं की घशाला बोचतंय ते कळतच नाही. भूल देऊन चिमटे काढल्यासारखं. निकोटीन सॉल्टचंही तेच, साधं निकोटीन इतक्या जोरात ओढलं तर घसा पेटेल, सॉल्ट गुळगुळीत उतरतं. तुमच्या डबीवर ५ टक्के लिहिलंय का? म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम.

हिंदमाता_पाण्याखाली

५ टक्केच आहे. मला वाटलं ५ टक्के म्हणजे कमी. बिअरचा हिशेब लावला.

गिरगाव_ते_गोरेगाव

कुणीच बोलत नाहीये म्हणून: भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम, त्याच वर्षी कायदा. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. विक्री-आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या दुबईच्या मित्राला कळवा.

पाऊसवेडी

आणि आमच्या कॉलेजबाहेर पानवाल्याकडे खोक्याखाली सर्रास मिळतात. सुट्या सिगारेटवरही राज्यात २०२० पासून बंदी आहे, म्हणून काय टपरीवर सुटी मिळत नाही?

गिरगाव_ते_गोरेगाव

मिळते म्हणूनच सांगतोय. चोरून येणाऱ्या मालावर काय लिहिलंय आणि आत काय भरलंय, याचा संबंध असेलच असं नाही. ते ५ टक्के तरी खरे कशावरून?

टेम्सकाठचा_टोपीवाला

मी इंग्लंडात असतो. इथे सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडायला व्हेप वापरा म्हणते. माझी सुटली. उगाच भीती घालू नका.

कॉइल_जळाली

तुमचंही बरोबर आहे. पण तिथे निकोटीनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मालाची नोंद होते, आणि तिथलेही सांगतात की सिगारेट न ओढणाऱ्याने हात लावू नये आणि ओढणाऱ्याने पुढे व्हेपही सोडावा. डिस्पोजेबल तर त्यांनी जून २०२५ पासून बंदच केले. धागाकर्त्यांच्या हातात नेमका तोच प्रकार आहे, वर अडीचपट निकोटीन.

पाऊसवेडी

पॉपकॉर्न लंग होतं म्हणे यानं? रीलमध्ये पाहिलं. आणि अमेरिकेत माणसं मेली ना?

फुंका_फुंका_फुंका

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉपकॉर्नची गोष्ट व्हेपच्या आधीची. अमेरिकेत मिसुरीतल्या कारखान्यात लोण्याच्या वासाचं रसायन, डायॲसिटिल, रोज हुंगून कामगारांच्या बारीक श्वासनळ्या कायमच्या आकसल्या, २००० साली ते उघडकीला आलं. तेच रसायन काही व्हेप फ्लेवरमध्ये सापडलं म्हणून नाव चिकटलं. दुसरी गोष्ट २०१९ ची. अमेरिकेत व्हेप ओढून फुप्फुसं बिघडल्याने फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले ६८ गेले. त्यात मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या व्हेपमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता.

धागाकर्त्यांचं यातलं काही असेल असं मला वाटत नाही. पण धाप लागली, ताप आला, छातीत दुखलं तर इथे टंकत बसू नका, दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना व्हेपचं सांगा हो! आम्ही पोलिस नाही. फॉर्मवर 'धूम्रपान: नाही' लिहून येतात आणि खिशातून आंब्याचा वास येतो.

शून्य_रुपये_शिल्लक

मला एक वेगळंच विचारायचंय. दिवसाला किती वेळा ओढता?

हिंदमाता_पाण्याखाली

अधूनमधून. पन्नासेक वेळा असेल.

शून्य_रुपये_शिल्लक

मोजा. मीही पन्नासच म्हणायचो.

सिगारेट संपते. पाच मिनिटं, खाली जायचं, लिफ्टची वाट बघायची, थोटूक विझवायचं, वर यायचं. पावसाळ्यात तर अर्ध्या वेळा कंटाळाच यायचा. हे संपतच नाही. मीटिंगमध्ये बाहीत, रिक्षात, संडासात, रात्री कूस बदलताना उशीखाली. सिगारेट दहा होत्या म्हणून दिवसात दहा वेळाच ओढणं व्हायचं, हे दिवसभर ठिबकत राहतं.

हिंदमाता_पाण्याखाली

(चार दिवसांनी)

मोजलं. लक्षात राहीना म्हणून दादर स्टेशनबाहेर जप मोजायची ती बोटात अडकवायची डिजिटल अंगठी मिळते ना, ती घेतली. प्रत्येक झुरक्याला एक बटण. पहिल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत ३१२. मला वाटलं बिघडलीय. दुसऱ्या दिवशी ३४०, तोही उपासाचा दिवस.

आई गावाहून आलीय. तिने अंगठी बघितली, काही बोलली नाही, पण रात्री ताटात एक पुरणपोळी जास्त. तिला वाटतंय मुलगा नामस्मरणाला लागला. मी काय बोलणार.

बाकी: पालिकेच्या दवाखान्यात बेडका दिला (ताईंच्या सूचनेप्रमाणे, अस्सल). छातीचा एक्स-रे काढला. फॅमिली डॉक्टरांना सगळं कबूल केलं. ते चिडले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. पुढच्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे.

अवांतर_आजोबा

३४० वेळा नाम घेतलं असतंत तर एव्हाना तीन माळा होऊन वर सोळा मणी झाले असते.

कटिंग_विदाउट_शुगर

आजोबा __/\\__

धागाकर्ते, तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. आता सिगारेटच्या पाकिटावरच छापतात, आपण ते चित्र बघायचं टाळतो म्हणून नंबरही दिसत नाही. माझ्या भावाने व्हेप सोडायला तिथेच फोन केला. मराठीत बोलले.

शून्य_रुपये_शिल्लक

माझा अनुभव निकोटीन गमचा. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा चिठ्ठीवर. आधी सगळे चुकतात ते सांगतो: च्युइंगगमसारखा चावायचा नाही. चार-सहा वेळा हळू चावायचा, जिभेला झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा थोडा चावायचा. अर्धा तास असं. भराभर चावलात तर निकोटीन पोटात जातं आणि उचक्या लागतात. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, तोंडात आंबटपणा असला की निकोटीन नीट शोषलं जात नाही. मुंबईत चहा आणि गम यांची वेळ जुळवणं हेच खरं व्यसनमुक्ती केंद्र.

एक मात्र, व्हेप फेकला आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन सिगारेट पेटवली असं करू नका. आमच्यातले तिघे तसेच परत गेले, एक तंबाखूचा मावा खायला लागला. आधी आकडा उतरवा.

पाऊसवेडी

घराशेजारी बांधकाम चालू आहे का? आमच्या गल्लीत तीन इमारती एकदम पाडल्यात, न ओढणारेही खोकतायत.

हिंदमाता_पाण्याखाली

मुंबईत घराशेजारी बांधकाम नाही असा माणूस दाखवा. आहे, खिडकीसमोरच. पण दोन आठवडे नागपूरला होतो तेव्हाही खोकला होताच, आणि व्हेपही.

हिंदमाता_पाण्याखाली

(बारा दिवसांनी)

अपडेट. बेडका निगेटिव्ह, दोन्ही नमुने. एक्स-रे साफ. मग ती फुंकायची तपासणी झाली. ताई, तिथल्या बाईही अगदी तेच ओरडत होत्या, 'फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून'. मला दोनदा वाटलं तुम्हीच आहात. मग पंपाचे चार फवारे दिले, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आधी २.७१ लिटर, नंतर ३.१०. याचा अर्थ काय? डॉक्टरांनी सांगितलं, पण मी घाबरलो होतो, डोक्यात शिरलं नाही.

फुंका_फुंका_फुंका

मी नव्हते, मी असते तर ओळखलं असतं, तुम्ही खोकून सीट रिकामी करणारे!

आम्ही साधारण बघतो की औषधानंतर पहिल्या सेकंदाचा आकडा निदान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढला का. तुमचा ३९० ने वाढलाय, १४ टक्क्यांच्या वर. म्हणजे नळ्या आकसलेल्या होत्या आणि औषधाने उघडल्या. दम्याकडे झुकणारं चित्र. सिगारेटने फुप्फुसं कायमची बिघडली असती तर सहसा आकडा इतका सुधारून येत नाही. त्या अर्थी बातमी बरी आहे. मामा आणि मांजर म्हटलं होतं ना? दमा बहुतेक आत दबलेला होता, ३४० झुरके रोज लागल्यावर बाहेर आला. तुमचे डॉक्टर काय म्हणाले?

हिंदमाता_पाण्याखाली

हेच. इनहेलर दिलाय, बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, सकाळ-संध्याकाळ. ओढून झाल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते म्हणाले. जळजळीसाठी रात्रीचं जेवण आठला. आणि व्हेप बंद, त्यात घासाघीस नाही.

आई रडायला लागली, 'एकदा पंप लागला की सुटत नाही.' मीही तेच ऐकत आलोय. एक फुंकणं सोडायला दुसरं धरलं, आता तिसरं.

फुंका_फुंका_फुंका

आईंना सांगा, पंपाची सवय लागत नाही. दमा असेल तोवर पंप लागतो, चष्मा लागतो तसा. गोळीपेक्षा औषध कितीतरी कमी लागतं कारण थेट नळीत जातं. आणि दोन दिवस बरं वाटलं की स्वतःच बंद करू नका, तिथेच सगळे घोळ होतात.

हिंदमाता_पाण्याखाली

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफी.

खोकला गेलाय असं म्हणणार नाही. सकाळचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम दोन-तीन मिनिटांवर आलाय, रात्रीचं मांजर गेलं. व्हेपचा आकडा गम घेत घेत ३४० वरून १२०, ६०, २० असा उतरवला. आज अकरावा दिवस, शून्य. मध्ये एका लग्नात हळदीच्या रात्री एक सिगारेट झाली. लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी बिल आलं.

८:४७ ला आता उभाच असतो.

दोन जुने डिस्पोजेबल ड्रॉवरमध्ये पडलेत. सुक्या कचऱ्यात टाकू का?

कॉइल_जळाली

अजिबात नको. आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्याच्या गाडीत चेपली तर पेट घेते. मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरावाल्याकडे द्या. आणि ड्रॉवरमध्येही ठेवू नका, तुमच्यासाठी म्हणून सांगतोय.

अवांतर_आजोबा

अंगठीचं काय केलंत?

हिंदमाता_पाण्याखाली

आईने मागून घेतली. गावाला नेतेय. वर ८,४०६ आकडा होता, म्हणाली एवढं झालं तुझं, आता माझं शून्यापासून कसं सुरू करायचं ते दाखव. बाजूचं छोटं बटण दाबून धरायला शिकवलं.

पाऊसवेडी

ती अंगठी केवढ्याला मिळाली? आजीसाठी हवी आहे.

हिंदमाता_पाण्याखाली

साठ सांगतो, चाळीसला देतो. पुलाच्या पायऱ्यांपाशी, फुलबाजाराच्या बाजूला.